गाडीची खरी ओळख: एचएसआरपी, फास्टॅग, कॅमेरे आणि ई-चलान यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३०,४८६ मृत्यू अशा अपघातांतले होते, जिथे धडक देणारा थांबलाच नाही. नंबर प्लेट, फास्टॅग, कॅमेरे यांची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दंडावर सुरू होते आणि दंडावरच संपते. या पानावर दंडाचीही उत्तरं आहेत. पण गाडीची ओळख पटण्याची सर्वांत जास्त गरज असते ती रस्त्यावर पडलेल्या माणसाला. पुढची उत्तरं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

माझी गाडी जुनी आहे, नंबरही स्वच्छ दिसतो. मग नवी एचएसआरपी कशाला?

कारण जुनी पाटी कुणीही, कुठेही, कुणाच्याही नंबरची बनवून देत असे. रेडियमवाल्याकडे जायचं, नंबर सांगायचा, अर्ध्या तासात पाटी हातात. आरसी बुक दाखवा असं म्हणायची पद्धतच नव्हती. चोरीच्या गाडीवर तुमच्या गाडीचा नंबर लावून कुणी फिरला तर रस्त्यावरच्या पोलिसाला फरक कळणं जवळपास अशक्य होतं.

उच्च सुरक्षा नोंदणी पाटीच्या, म्हणजे एचएसआरपीच्या, प्रत्येक प्लेटवर लेझरने कोरलेला एक कायमचा क्रमांक असतो. तो त्या एकाच प्लेटचा असतो आणि सरकारच्या 'वाहन' प्रणालीत तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेला असतो. पाटी आणि गाडी यांची अशी गाठ पूर्वी नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम या पाटीबद्दल आहे. तिची कल्पना २००१ पासूनची आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीकडूनच बसून येते. महाराष्ट्रात सध्या चाललेली धावपळ आहे ती त्याआधी पासिंग झालेल्या गाड्यांची.

पाटी खरी आहे की बाजारात बनवलेली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्लेट ॲल्युमिनियमची असते आणि आकडे उठावाचे असतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा क्रोमियमचा होलोग्राम असतो, २० मिलिमीटर लांबरुंदीचा. डाव्या बाजूला निळ्या रंगात देशाची तीन अक्षरी खूण आणि खाली लेझरने कोरलेला क्रमांक. अक्षरांवर आणि आकड्यांवर चढवलेल्या पट्टीत 'इंडिया' हा शब्द तिरका छापलेला दिसतो. प्लेट उन्हात थोडी हलवून पाहा. मागची प्लेट साध्या स्क्रूने नव्हे, तर स्नॅप लॉकने बसवतात. ते एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तुटलं की पुन्हा वापरता येत नाही.

बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या पाट्या मिळतात. होलोग्रामसारखं चकचकीत स्टिकर लावून दिलेलं असतं. त्या पाटीचा लेझर क्रमांक मात्र 'वाहन'मध्ये सापडत नाही, आणि तपासणीत तेच पाहिलं जातं.

या पाटीत चिप किंवा जीपीएस असतो का? मी कुठे जातो ते सरकारला कळतं का?

नाही. एचएसआरपी म्हणजे धातूची पाटी. तिच्यात चिप नाही, बॅटरी नाही, ती कुठलाही संदेश पाठवत नाही. या एका गैरसमजापोटी अनेकांनी पाटी लावणं टाळलं, म्हणून हे ठासून सांगतो.

पाटी कुठे मागवायची? खर्च किती?

परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. महाराष्ट्रात हे काम तीन कंपन्यांकडे आहे आणि आरटीओ कार्यालयांप्रमाणे त्यांची वाटणी केलेली आहे. संकेतस्थळावर आपलं आरटीओ कार्यालय निवडलं की त्या भागातल्या कंपनीच्या पानावर नेलं जातं. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटार आणि इतर वाहनांना ७४५ रुपये, असे दर २०२४ च्या अखेरीस ठरले. यावर जीएसटी वेगळा, म्हणजे दुचाकीला ५३१ आणि मोटारीला ८७९ रुपयांच्या आसपास. पैसे ऑनलाइन भरायचे आणि मिळालेल्या वेळेला केंद्रावर गाडी घेऊन जायचं. बसवणारा वेगळे पैसे मागू लागला तर देऊ नका, तक्रार करा.

गूगलवर शोधून वर दिसेल त्या पानावर पैसे भरू नका. अधिकृत पानासारखीच दिसणारी बनावट पानं या काळात निघाली आणि लोकांचे पैसे त्यांत गेले.

मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती आणि पुढे ती अनेकदा वाढवली गेली. "अजून वाढेल" या भरवशावर राहिलेल्यांना माझं सांगणं एवढंच की पाटी नसेल तर गाडी नावावर करणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा चढवणं किंवा उतरवणं ही आरटीओची कामं अडतात. दंड जेव्हा व्हायचा तेव्हा होईल. गाडी विकायची वेळ आली की पहिली अडचण इथेच येते.

नंबर मराठीत लिहिला तर काय बिघडतं? आणि 'दादा'सारखा दिसणारा नंबर?

मराठीचा अभिमान मलाही आहे, पण नंबर प्लेट त्यासाठी नाही. नियमानुसार नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि रोमन लिपीत वापरतात त्या आकड्यांतच हवा. ४१४१ चं 'दादा', २१४ चं 'राम', ८०५५ चं 'बॉस' करून मिरवणाऱ्या पाट्या आपल्याकडे गावोगाव दिसतात. तो नंबर घेण्यात काही गैर नाही. आरटीओत पैसे भरून पसंतीचा क्रमांक मिळतो. गुन्हा होतो तो आकड्यांचा आकार बदलल्याने.

कारणही साधं आहे. अपघात करून गाडी पळते तेव्हा बघणाऱ्याला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पानवाल्याला, रिक्षावाल्याला, शाळकरी पोराला नंबर वाचता आला पाहिजे. वळणदार अक्षरं, वर दुमडलेली दुचाकीची प्लेट, चिखलाने भरलेली ट्रकची मागची पाटी, प्लेटवर आलेला सायकलचा कॅरिअर, या सगळ्यांनी ती संधी जाते. कॅमेऱ्याचंही तसंच. पाटीवरचा परावर्तक पृष्ठभाग रात्रीही उजळून दिसतो म्हणून यंत्राला आकडे वाचता येतात. आकार बदलला की ३ चा ८ वाचला जातो आणि चलान भलत्याच माणसाच्या दारात जातं.

पुढच्या काचेवर आतून लावलेलं रंगीत स्टिकर कशासाठी?

ती गाडीची तिसरी पाटी समजली जाते. तिच्यावर नोंदणी क्रमांक, दोन्ही प्लेटांचे लेझर क्रमांक, इंजिन आणि चॅसिस क्रमांक असतात. रंगावरून इंधन कळतं: पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. दुचाकीला हे स्टिकर नसतं.

फास्टॅगमध्ये नेमकं काय असतं? तो सतत माझा माग काढतो का?

फास्टॅग हा आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींवरून ओळख सांगणारा, टॅग आहे. त्यात एक बारीक चिप आणि धातूचा पातळ अँटेना असतो, बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींमधूनच चिपला काम करण्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. रीडरपासून काही मीटर दूर गेलं की टॅग मुका. त्यामुळे तो सतत माग काढू शकत नाही. तुमची गाडी अमुक नाक्यावरून अमुक वाजता गेली, एवढी नोंद मात्र राहते.

ही नोंद कटकटीची वाटू शकते, पण तुमच्या नावावर चुकीचं चलान आलं तर तीच तुमच्या बाजूने उभी राहते. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर, म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सागरी सेतू, समृद्धी महामार्ग इथे, १ एप्रिल २०२५ पासून. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावं की तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचा आहे, तिथे नेहमीसारखा टोल कापला जाईल.

टॅग काचेला न चिकटवता नाक्यावर हातात धरून दाखवला तर?

तसं करू नका. एका गाडीचा टॅग दुसऱ्या गाडीत वापरण्याची वाट तिथूनच निघते. कारचा टॅग दाखवून टेम्पो काढणारे लोक आहेत. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायला सुरुवात केली आहे. काच बदलली तर टॅगही नवा घ्या.

एक्स्प्रेसवेवर कॅमेरा आला की ब्रेक मारायचा आणि पुढे पुन्हा पळवायची. चालतं ना?

आता नाही चालत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या ९४.५ किलोमीटर अंतरावर जुलै २०२४ पासून वाहतूक नियंत्रणाची नवी यंत्रणा सुरू आहे. तिच्यात एका जागेवरचा वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तसेच सरासरी वेग काढणारेही. हा दुसरा प्रकार समजून घ्या. एका कमानीखालून गाडी गेली की नंबर आणि वेळ टिपली जाते. पुढच्या कमानीखाली पुन्हा तेच. मधलं अंतर ठरलेलं. समजा ते २० किलोमीटर आहे आणि मर्यादा ताशी १०० ची आहे, तर तुम्हाला किमान १२ मिनिटं लागायला हवीत. तुम्ही ९ मिनिटांत पोहोचलात म्हणजे सरासरी वेग १३३ च्या घरात होता. कमानीखाली ८० ने गेलात तरी हिशेब बदलत नाही.

मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते. कॅमेरा दिसताच करकचून ब्रेक मारणारा मागच्याला धोक्यात घालतो. सरासरी मोजली की त्या ब्रेकला अर्थ राहत नाही. घाटात तर याचं महत्त्व आणखी वाढतं. खंडाळ्याच्या उतारावर गिअर काढून गाडी सोडणारे जड वाहनचालक एखाद्या कॅमेऱ्यापुरते सावध होऊन उपयोगाचं नाही, सबंध उतारभर त्यांचा वेग ताब्यात राहिला पाहिजे.

वेग, लेन तोडणं, सीट बेल्ट, हातातला मोबाइल हे सगळं ही यंत्रणा टिपते. कायद्यात अतिवेगाचा दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये आहे. सीट बेल्टचा १,०००.

चलान आलं, पण त्या दिवशी मी त्या गावात नव्हतोच. काय करू?

घाबरून पैसे भरू नका. भरले की चूक मान्य केल्यासारखं होतं. आधी चलानवरचा फोटो उघडा आणि नीट पाहा. गाडीचं मॉडेल तुमचंच आहे का? रंग? बंपरवरचा पोचा, छतावरचा कॅरिअर, काचेवरचं गणपतीचं स्टिकर? नंबरातला एखादा आकडा यंत्राने चुकीचा वाचलाय का?

मग दोन शक्यता राहतात. पहिली, वाचण्यात चूक. महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, आरसी आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडा. दुसरी शक्यता गंभीर आहे: तुमचा नंबर दुसऱ्या कुणीतरी लावलाय. अशा वेळी ॲपवरच्या तक्रारीवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं किंवा तिच्यातून काही नेलं, तर पोलीस पहिले तुमच्या दारात येतील. त्या वेळी आधीच्या तारखेची ही पोहोच फार मोलाची ठरते.

गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा म्हणून त्या दिवसाचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढा. पेट्रोल पंपाची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड, सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही, जे मिळेल ते जोडा. सीसीटीव्ही थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा आधी ते मागा.

कॅमेराच चुकीचा असेल तर? त्याला कोण विचारणार?

हा प्रश्न लोक दबकत विचारतात, खरं तर ठामपणे विचारायला हवा. चालकाकडून जबाबदारीची अपेक्षा करायची तर यंत्राकडूनही करायची. कायद्यातही ती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात यंत्रांनी रस्त्यावर नजर ठेवण्याबद्दलचं कलम १३६-अ आलं आणि त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ. अशी यंत्रं जिथे लावायची त्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली १९ आहेत. या नियमाप्रमाणे वेग मोजणाऱ्या किंवा फोटो काढणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत मिळायला हवी. तिच्यात नंबर दिसणारा फोटो, यंत्राने केलेलं मोजमाप, तारीख, वेळ, जागा आणि कोणतं कलम मोडलं हे असायला हवं.

चलान हाती आलं की या गोष्टी एकेक करून ताडून पाहा. वेगाच्या चलानावर नुसता उभ्या गाडीसारखा फोटो आहे, वेगाचा आकडाच नाही, असं असेल तर ते लेखी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चूक आपली असेल तर दंड भरावा. नसेल तर कटकट नको म्हणून भरू नये, कारण यंत्रातली चूक मग तशीच राहते आणि पुढच्या माणसालाही भोवते.

'तुमचं चलान थकलंय' असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सोबत एक फाइल आहे. उघडू का?

मुळीच नाही. आरटीओ किंवा पोलीस कधीही ॲपची फाइल पाठवत नाहीत. ती फोनमध्ये बसली की बँकेचे ओटीपी वाचते. अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर स्वतः टाकून चलान आहे का ते बघा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर 'परिवहन'च्या संकेतस्थळावर बदलून घ्या. खरे संदेश त्याच नंबरवर येतात.

गाडी दोन वर्षांपूर्वी विकली. चलान अजून माझ्याच मोबाइलवर येतं. कसं काय?

तुम्ही टीटी, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या, फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, पण गाडी समोरच्याच्या नावावर चढली की नाही ते पाहिलं नाही. आपल्याकडे हे सर्रास होतं. एजंट फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतो आणि गाडी तीन हातांतून फिरते. कागदावर मालक तुम्हीच.

चलान ही त्यातली लहान गोष्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. त्या गाडीचा विमा संपलेला असेल तर भरपाईचे लाखो रुपये तुमच्याकडून वसूल होऊ शकतात. तेव्हा गाडी विकली की राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा, 'वाहन'वर नाव बदललेलं स्वतः पाहा आणि आपला फास्टॅग बंद करून घ्या. नाव अजून बदललेलं नसेल तर आजच आरटीओला लेखी कळवून पोहोच घ्या.

रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये खिडकीशेजारी लाल बटण असतं. ते खरंच चालतं का?

ते आपत्कालीन बटण आहे आणि गाडीचं ठिकाण सांगणाऱ्या यंत्राला जोडलेलं असतं. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये धावत्या बसमध्ये घडलेल्या अत्याचारानंतर प्रवासी वाहनांत अशी सोय हवी ही मागणी पुढे आली. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या बस, टॅक्सी वगैरे वाहनांना हे यंत्र लागू झालं; दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा वगळल्या आहेत. त्याचं एआयएस-१४० हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून निघालं.

बटण दाबलं की गाडीचं ठिकाण नियंत्रण कक्षाकडे जातं. तिथे माणूस बसलेला असेल आणि तो पोलिसांना गाठणार असेल, तरच या यंत्राचा काही उपयोग. म्हणून बटणावर विसंबून राहू नका, अडचणीत ११२ वर फोन कराच. बटण उखडलेलं किंवा सीटकव्हरखाली झाकलेलं दिसलं तर ट्रॅव्हल्सवाल्याला तिथेच विचारा. दहा प्रवाशांनी विचारलं की पुढच्या फेरीला ते दुरुस्त झालेलं दिसतं.

एवढ्या नोंदी जमा होतात. त्यांचा गैरवापर झाला तर?

ही भीती रास्त आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला दिला आहे. कॅमेऱ्यातून गेलेल्या लाखो गाड्यांपैकी बहुतेकांनी काहीही चुकीचं केलेलं नसतं. त्यांच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, कोण पाहू शकतं, पाहिल्याची नोंद राहते का, हे लोकांना कळेल अशा भाषेत जाहीर व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. पळून गेलेली गाडी शोधायला नोंद वापरणं वेगळं आणि कोण कुणाच्या घरी गेलं हे बघायला वापरणं वेगळं. पहिल्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्याला आडकाठी करणारे नियम आपणच मागितले पाहिजेत.

धडक देऊन गाडी पळून गेली. नंबरही दिसला नाही. आता काय मिळू शकतं?

जखमीला आधी दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. मग एफआयआर. त्यात गाडीबद्दल जे दिसलं ते सगळं येऊ द्या: प्रकार, रंग, नंबरातले दोन आकडे आठवत असतील तर तेवढेही, पळालेली दिशा. जवळच्या दुकानांचे कॅमेरे आणि पुढच्या टोलनाक्याच्या नोंदी तपासाव्यात अशी लेखी विनंती करा. टोलनाक्यावर त्या अर्ध्या तासात गेलेल्या गाड्यांची यादी असते. कुठल्या गाड्यांचा पुढचा भाग तपासायचा हे त्या यादीवरून ठरवता येतं.

गाडी सापडली तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. तिथे मृत माणसाचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं हे सगळं पाहून रक्कम ठरते आणि विमा कंपनी ती भरते. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालच्या योजनेतून मृत्यूला दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. कमावता माणूस गेलेल्या घराला न्यायाधिकरणातून मिळू शकली असती अशी रक्कम आणि हे दोन लाख, यांत केवढी तफावत पडते ते पाहा. एका न वाचता आलेल्या नंबर प्लेटपायी ती पडते.

अर्ज अपघात झालेल्या तालुक्यातल्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. वकील लागत नाही. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी या योजनेची माहिती कुटुंबाला लेखी द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला आहे. ती आली नाही तर ठाण्यात जाऊन मागा. कितीतरी घरांना ही योजना आहे हेच ठाऊक नसतं.

जुनी गाडी भंगारात देताना पाटीचं काय करायचं?

गल्लीतल्या भंगारवाल्याला पाटीसकट गाडी देऊ नका. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या, तिथून मिळणारं ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, जपून ठेवा आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. फास्टॅग बँकेत कळवून बंद करा. शिल्लक पैसे खात्यात परत येतात.